जिप्सोफिलाचीं फुलें आणि पालघरची जमीन

लग्नसराईच्या दिवसांत पालघर किंवा बोईसर येथील फुलवाल्याच्या दुकानासमोर आपण क्षणभर थांबलांत, तर गुलाब, जरबेरा आणि निशिगंध यांच्या जुड्यांच्या मधून मधून बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके डोकावतांना दिसतील. साळीच्या लाह्या कोणीं काड्यांवर टोंचून ठेवाव्या, तसे ते दिसतात. दुकानदार त्यांना 'जिप्सी' म्हणतो. शास्त्रीय नांव जिप्सोफिला; इंग्रज लोक कौतुकानें त्यांना 'बेबीज् ब्रेथ', म्हणजे तान्ह्या बाळाचा श्वास, असें म्हणतात. एकेक फूल घेतलें तर तें ज्वारीच्या दाण्याहून फारसें मोठें नाहीं. परंतु एका काडीवर अशीं कितीतरी फुलें येतात, आणि दहा-बारा काड्या एकत्र केल्या म्हणजे पुष्पगुच्छावर पहांटेचें धुकें उतरल्याचा भास होतो. हें फूल स्वतः मिरवीत नाहीं. शेजारच्या फुलास मिरवूं देतें. म्हणूनच गुच्छ, मंडपाची सजावट आणि वधूचा अंबाडा यांत त्याला मागणी आहे.

आजच्या भाषणांत या फुलाची लागवड कशी करावी व तें कसें वापरावें, हें सांगावयाचें आहे. पण त्याबरोबर एका प्रश्नाचें उत्तरहि द्यावयाचें आहे. आपल्याकडील एखादा छोटा शेतकरी विचारतो, "हीं फुलें बाहेरून येतात आणि चांगल्या दरानें विकलीं जातात, मग माझ्या दहा गुंठ्यांत तीं मींच कां लावूं नयेत?" प्रश्न रास्त आहे, आणि साधाहि नाहीं, कारण त्याच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाची वर्षभराची पुंजी अवलंबून असूं शकते. 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दांत सांगण्यापेक्षां या झाडाचा स्वभाव समजून घेणें बरें. स्वभाव कळला म्हणजे उत्तर आपोआपच हातीं येतें.

जिप्सोफिला हें कार्नेशनच्या कुळांतील झाड आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याची नोंद केली. ग्रीक भाषेंत 'जिप्सॉस' म्हणजे चिरोडी आणि 'फिलॉस' म्हणजे प्रिय मानणारा. चिरोडी हें चुन्याच्या जातीचें खनिज. तेव्हां नांवांतच स्वभाव सांगितला आहे: याला चुनखडीची, मोकळी, कोरडी जमीन आवडते. याच्या सुमारें दीडशें जाती असून त्या मुख्यतः युरोप आणि आशिया या खंडांत आढळतात. आपणांस त्यांपैकीं दोघींशींच कर्तव्य आहे. पहिली 'पॅनिक्युलेटा'. ही बहुवर्षायु असून मध्य युरोपापासून सैबेरियापर्यंतच्या थंड माळरानांत ती आपोआप वाढते. दुकानांत जी दुहेरी पाकळ्यांची बारीक फुलें मिळतात तीं हिचींच. दुसरी 'एलेगन्स'. ही कॉकेशस पर्वताच्या आसपासची, एका हंगामांत उगवून, फुलून संपणारी. हिचें फूल पहिलीपेक्षां थोडें मोठें, पांच पाकळ्यांचें, एकेरी असतें. या दोन बहिणींचा स्वभाव वेगळा आहे, आणि आपल्या प्रश्नाचें सारें उत्तर या वेगळेपणांत सांठविलेलें आहे.

प्रथम थोरल्या बहिणीकडे पाहूं. तिचें मूळ गाजरासारखें जाड असून तें जमिनींत कित्येक फूट खोल जातें. माळरानावर पाऊस कमी पडतो, म्हणून खोलवरचा ओलावा शोधण्यासाठीं निसर्गानें तिला ही सोय करून दिली आहे. अशा मुळास पाण्याची वाण सोसते, पण पाण्याचा सांठा सोसत नाहीं. मुळाशीं दोन-चार दिवस पाणी राहिलें, कीं बुंधा सडतो आणि उभें झाड बसतें. आतां आपल्या पालघर जिल्ह्याचा विचार करा. येथें वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भाताच्या खाचरास हें वरदान आहे. जिप्सोफिलाच्या मुळास हा शाप आहे.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे, आणि ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीं. आपली शेवंती दसरा-दिवाळीच्या सुमारास कां फुलते? पावसाळा संपतो म्हणून, असें सामान्यतः म्हटलें जातें. परंतु खरें कारण निराळें आहे. दिवस लहान होऊं लागतात व रात्री वाढूं लागतात, हें शेवंतीला कळतें, आणि मग ती कळी धरते. झाडांना दिवस-रात्रीचें मान कळतें ही गोष्ट अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील गार्नर आणि ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांनीं दाखवून दिली. पुढें असेंहि आढळून आलें, कीं झाड जें मोजतें तें मुख्यतः रात्रीचा अखंड अंधार. शेवंतीस लांब रात्र हवी. जिप्सोफिलाची गोष्ट बरोबर उलट आहे. तिला आंखूड रात्र आणि लांब दिवस हवा. पॅनिक्युलेटास कळी धरण्यासाठीं दिवसाचा सुमारें चौदा ते सोळा तास प्रकाश लागतो. तो मिळाला नाहीं तर झाड मरत नाहीं. तें जमिनीशीं पानांचा गुच्छ पसरून नुसतें बसून राहतें. खत घाला, पाणी घाला, तें फुलत नाहीं. तें वाट पाहत असतें.

पालघर हें विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण १९.७ अंशांवर आहे. येथें डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारें ११ तासांचा असतो, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत, म्हणजे वर्षांतील सर्वांत मोठा दिवस, सुमारें १३ तास १५ मिनिटांचा. पहांटेचा व सायंकाळचा संधिप्रकाश धरला, तर जूनमध्यें आपण त्या चौदा तासांच्या उंबरठ्याशीं जेमतेम पोंचतों. पण नेमक्या त्याच दिवसांत मृगाचा पाऊस कोसळूं लागतो. म्हणजे या झाडास जेव्हां दिवस सोयीचा, तेव्हां जमीन गैरसोयीची. आणि जेव्हां जमीन कोरडी व हवा गार, तेव्हां दिवस आंखूड. आपल्या किनाऱ्यावर या दोन गोष्टींची गांठ कधींच पडत नाहीं. हा कोणाच्या मेहनतीचा दोष नाहीं. हें पंचांग आहे.

यावर कोणी म्हणेल, "विजेचे दिवे लावावे." देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं ज्या तारापुरास सुरू झालें, त्याच्या शेजारच्या गांवांत हा विचार सुचणें अगदीं स्वाभाविक आहे. आणि ही युक्ति खोटीहि नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर हा देश विषुववृत्तावर असल्यामुळें तेथें बाराहि महिने दिवस सुमारें बारा तासांचाच असतो. तरीहि तेथें जिप्सोफिलाचें फार मोठें उत्पादन होतें. रात्रीं शेतांवर दिवे लावून तेथील बागाईतदार अंधार मोडतात, आणि झाडास दिवस मोठा झाल्याचा भास होतो. पण तेथील मळे अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर आहेत, जेथें रात्रीं गारवा असतो. केवळ प्रकाश पुरत नाहीं, गारवाहि लागतो. उष्ण व दमट हवेंत काड्या लुळ्या पडतात आणि फुलें नीट भरत नाहींत. आपल्या देशांत निलगिरी व हिमाचल प्रदेश यांसारख्या थंड भागांत आणि महाराष्ट्रांत घाटावरील हरितगृहांतून हें पीक घेतात, त्याचें कारण हेंच. बोईसर-तारापूरच्या खाऱ्या, दमट वाऱ्यांत हरितगृह, दिवे आणि गारवा हीं तिन्ही विकत घेऊन थोरल्या जिप्सोफिलास नांदवावयाचें म्हणजे आमदनीपेक्षां खर्च मोठा होण्याचें भय आहे. तेव्हां रोपें विकणारा कितीहि गोड बोलला, तरी उघड्या जमिनींत या जातीची लागवड आपल्या किनाऱ्यावर करूं नये, असें मी स्पष्ट सांगतों.

मग धाकट्या बहिणीचें काय? तिची गोष्ट आशादायक आहे. एलेगन्सलाहि लांब दिवस आवडतो. परंतु ती त्यासाठीं हटून बसत नाहीं. दिवस आंखूड असला तर थोड्या उशीरानें कां होईना, ती फुलते. तिचें आयुष्यच तीन-साडेतीन महिन्यांचें असल्यामुळें पावसाळा संपल्यावर पेरून, उन्हाळ्याचा ताप सुरू होण्यापूर्वीं तिचें पीक काढून घेतां येतें. आपल्या किनाऱ्यावर ती हिंवाळ्याची पाहुणी आहे. आणि पाहुण्याला त्याच्या वेळीं बोलाविलें म्हणजे तो सुखानें राहतो.

आतां लागवडीची रीत ऐका.

ऑक्टोबरचा उकाडा ओसरूं द्यावा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी करावी. एलेगन्सचा बहर दोन-तीन आठवड्यांतच आटोपतो. म्हणून सारें बीं एकदम न पेरतां दर पंधरा दिवसांनीं थोडें थोडें पेरावें. तीन हप्ते पेरले, तर जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत फुलें हातीं लागतात. दुकानांतून मिळणाऱ्या बियांत 'कॉव्हेंट गार्डन' या नांवाचा पांढरा वाण प्रसिद्ध आहे. लंडनच्या जुन्या बाजाराचें हें नांव. गुलाबी फुलांचेहि वाण आहेत, पण गुच्छासाठीं पांढराच उपयोगी.

जागा अशी निवडावी, कीं जेथें दिवसांतून निदान सहा तास ऊन येतें. नारळ-सुपारीच्या वाडींत किंवा चिकूच्या सावलींत हें झाड लांबट आणि दुबळें होतें. भात कापल्यानंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत पेरावयाचें असेल, तर ढेंकळें फोडून एक वीतभर उंचीचे गादीवाफे करावे. भारी मातींत वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. शेणखत मात्र बेतानें. फार सकस जमिनींत पानें माजतात आणि काडी कमकुवत होते.

चुन्याविषयीं एक सूचना आहे. आपल्या जिल्ह्यांतील डोंगराळ भागाची तांबडी माती बहुधा आम्लधर्मी असते. तेथें पेरणीपूर्वीं तीन आठवडे, दर चौरस मीटरास एक मूठ या मानानें विझविलेला चुना मातींत मिसळावा. पूर्वीं किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करीत. तोहि या कामास उत्तम. चुना आणि ताजें शेणखत एकाच वेळीं घालूं नये. तसें केल्यास खतांतील नत्र वायुरूपानें उडून जातें. आणि समुद्राजवळ जेथें वाळूंत शिंपल्यांचा चुरा मुळांतच मिसळलेला आहे, तेथें चुना घालण्याची गरज नाहीं.

बीं अगदीं बारीक असतें. चिमूटभर बीं मूठभर कोरड्या वाळूंत कालवावें, म्हणजे तें सारखें पडतें. वीतभर अंतरावर उथळ ओळी ओढून त्यांत पेरावें आणि वरून नखाच्या जाडीएवढी बारीक माती पसरावी. रोपवाटिकेंत रोपें करून मग हलविण्याचा खटाटोप करूं नये. या झाडाचें सोटमूळ दुखावलें तर तें नीट सांवरत नाहीं. जेथें वाढावयाचें तेथेंच पेरावें. आठ-बारा दिवसांत अंकुर दिसतात. रोपें बोटभर झालीं म्हणजे दाट झालेलीं उपटून दोन रोपांत पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतर ठेवावें. उपटलेल्या रोपांचा मोह धरूं नये. विरळणी न केलेल्या वाफ्यांत एकहि काडी विकण्याजोगी होत नाहीं.

पाणी सकाळीं, मुळाशीं, आणि वरची माती सुकल्यावरच द्यावें. सायंकाळीं पानांवर पाणी शिंपडलें आणि रात्रीं त्यावर दंव पडलें, कीं बुरशी येते आणि कोंवळीं रोपें जमिनीलगत कोलमडतात. मावा दिसल्यास पांच टक्के निंबोळी अर्क फवारावा. रोप फूटभर उंच झालें म्हणजे वाफ्याच्या चारी बाजूंस काठ्या रोवून आडवा सुतळीचा आधार द्यावा, म्हणजे दुपारच्या समुद्रवाऱ्यानें काड्या लोळत नाहींत. पेरणीपासून साधारण आठ ते दहा आठवड्यांत फुलें येऊं लागतात.

ज्यांना शेत नाहीं, अशा बोईसरच्या वसाहतींतील मंडळींनींहि निराश होऊं नये. फूटभर खोल, तळाला भोक असलेल्या कुंडींत दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग शेणखत भरून दक्षिणेकडील सज्जांत दहा-बारा रोपें सहज वाढतात. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें तेथें ऊन भरपूर मिळतें.

फुलें तोडण्याची वेळ हा या विद्येंतील महत्त्वाचा भाग. दंव सुकल्यावर, परंतु ऊन चढण्यापूर्वीं काड्या कापाव्या. झुपक्यांतील निम्मीं फुलें उमललीं आणि निम्म्या कळ्या राहिल्या, ही योग्य अवस्था. कापतांच काड्या स्वच्छ पाण्याच्या बादलींत ठेवाव्या. पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावीं, नाहींतर तीं कुजून पाणी नासवितात. लिटरभर पाण्यांत दोन लहान चमचे साखर आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकले, तर उरलेल्या कळ्याहि उमलतात. हें पाणी रोज बदलावें.

आपल्या भागास एक विशेष इशारा द्यावासा वाटतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो, आणि जिप्सोफिलाच्या फुलांस तो फार बाधतो. फुलें अकालीं मिटतात, सुकतात. चिकू आणि केळीं हीं दोन्ही फळें पिकतांना हा वायु सोडतात. घोलवड-डहाणूकडून चिकूच्या पेट्या आणि वसईकडून केळीं ज्या वाहनांतून जातात, त्यांतच फुलांच्या जुड्या ठेवल्या, तर वाटेंतच त्यांची रया जाते. आणि मालकास वाटतें, कीं आपलें बीं खराब निघालें. घरींहि फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवूं नये.

हीं फुलें वाळवूनहि ठेवतां येतात, हा त्यांचा मोठा गुण. त्यासाठीं बहुतेक फुलें उमलल्यावर काड्या कापाव्या, आठ-दहा काड्यांच्या सैल जुड्या बांधाव्या, आणि अंधाऱ्या पण हवेशीर खोलींत त्या उलट्या टांगाव्या. दोन-तीन आठवड्यांत त्या कागदासारख्या कोरड्या होतात व रंग टिकतो. हें काम फेब्रुवारीपर्यंतच उरकावें. पुढें हवेंतील दमटपणा वाढतो, आणि पावसाळ्यांत तर वाळलेल्या जुड्यांवरहि बुरशी धरते; म्हणून त्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या.

उपयोगाविषयीं आतां थोडें सांगतों. वेणींत अबोली, शेवंती किंवा गुलाब यांच्या मधून या फुलांचे लहान तुरे खोंचले, तर मूळ फुलांचा रंग उठून दिसतो. पाकळ्या मुळांतच कोरड्या असल्यामुळें मुहूर्तापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत ते मान टाकीत नाहींत. वसईकडील ख्रिस्ती विवाहांत वधूच्या हातांतील पुष्पगुच्छांसहि तीं शोभतात. मात्र एक भ्रम दूर केला पाहिजे. नांव बाळाच्या श्वासाचें असलें, तरी या फुलांस मोगऱ्याचा सुवास नाहीं. उलट दुकानांतील जातीच्या फुलांस बंद खोलींत किंचित् आंबूस, नकोसा वास येतो. म्हणून निजण्याच्या खोलींत त्यांचा मोठा गुच्छ ठेवूं नये. सुवास हवा असेल, तर गजरा मोगऱ्याचाच घ्यावा आणि त्याच्या कडेला शोभेपुरती जिप्सी जोडावी.

या झाडांत रिठ्याप्रमाणें फेंस आणणारें द्रव्य असतें. मुळांत तें विशेष असतें. तुर्कस्तानांत या कुळांतील मुळांचा काढा हलवा हलका व पांढराशुभ्र करण्यासाठीं वापरतात. पण तें त्या लोकांचें परंपरागत कौशल्य आहे. आपण घरीं तसा प्रयोग करूं नये. हीं फुलें खाण्याच्या पदार्थांवर, केकवर किंवा ताटाभोंवतीं लागून राहतील अशीं मांडूं नयेत. मांजर-कुत्र्यांनींहि तीं चघळूं नयेत. कांहीं माणसांच्या कातडीस रसाची खाज येते, आणि वाळलेल्या फुलांच्या धुळीनें सतत काम करणाऱ्या फुलवाल्यांस दम्याचा त्रास झाल्याचींहि उदाहरणें आहेत. अशांनीं नाकावर फडकें बांधून आणि उघड्या जागीं काम करावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दहा गुंठ्यांचा धनी काय करील? माझ्या मतें त्यानें जिप्सोफिलाकडे मुख्य पीक म्हणून पाहूं नये. एलेगन्सची काडी नाजूक असते आणि पाण्यांत ती साधारण पांच-सहा दिवसच टिकते. दुकानांतील दुहेरी फुलाची सर तिला येत नाहीं, आणि दादरच्या मोठ्या फुलबाजारांत घाटावरील मालाशेजारीं ती ठेवली, तर भाव पडतो. तिची खरी गिऱ्हाइकें जवळचीं: गांवांतील वेणी करणाऱ्या बायका, मंडप सजविणारे, बोईसर-पालघरचे दुकानदार. त्यांना आधीं विचारावें, मग पेरावें. पहिल्या वर्षीं एक गुंठा, म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर, पुरे. बियाण्याचा खर्च थोडा असल्यामुळें नुकसान झालें तरी तें सोसण्याजोगें असतें.

मुख्य पीक म्हणून आपल्या जिल्ह्याला मोगरा लाभला आहे. जव्हार, विक्रमगड आणि मोखाडा या तालुक्यांत अनेक आदिवासी कुटुंबांनीं मोगऱ्याची लागवड केली आहे. भात कापल्यावर वीटभट्ट्यांच्या वाटेस लागणाऱ्या घरांना या फुलामुळें गांवींच राहण्याचा आधार मिळाला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. मुलांची शाळा त्यामुळें सुटत नाहीं. पावसाळ्यांत एकदां लावलेला मोगरा दहा-बारा वर्षें फुलें देतो. हिंवाळ्यांत छाटणी केली, कीं फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत तो बहरतो, आणि कळ्या पहांटे खुडून सकाळच्या गाडीनें मुंबईस पोंचवितां येतात. त्याला लांब दिवसाचा हट्ट नाहीं, आणि उष्ण हवा तर त्याच्या आवडीचीच. जो शेतकरी आपल्या हवेस मानवणारें पीक धरतो, त्याच्या बाजूनें निसर्ग स्वतः मजुरी करतो.

या दोघांचा मेळहि घालतां येतो. मोगऱ्याच्या ओळींत चार फुटांचें अंतर असतें, आणि पहिल्या वर्षीं रोपें लहान असल्यामुळें मधली जागा रिकामीच राहते. नोव्हेंबरांत त्या जागेंत एलेगन्स पेरली, तर फेब्रुवारीअखेर ती निघून जाते आणि मोगऱ्यास अडचण होत नाहीं. मात्र हें पहिल्या वर्षापुरतेंच करावें. मोगरा मोठा झाल्यावर छाटणीपूर्वीं त्याचें पाणी तोडून त्याला विश्रांति द्यावी लागते. तेव्हां मधल्या पिकास पाणी देत बसलें, तर मुख्य पिकाचा बहर बिघडतो. पाहुण्यासाठीं घरच्यांस उपाशी ठेवूं नये. मोगऱ्याविषयीं अधिक माहिती हवी असल्यास डहाणूजवळ कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्रांत ती मिळूं शकेल.

ज्यांना वाळलेल्या पांढऱ्या फुलांची हौस आहे, त्यांनीं आपल्या रानाकडेहि एकदां पाहावें. पावसाळा संपतां संपतां बांधावर, पडीक शेतांत कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे उभे असतात. ज्याच्या कोंवळ्या पाल्याची आपण भाजी करतों, तोच हा कुर्डू. त्याचे तुरे कापून उलटे टांगले, तर महिनोन् महिने टिकतात आणि गुच्छांत जिप्सीचें काम बऱ्याच अंशीं करतात. त्याला बीं लागत नाहीं, चुना लागत नाहीं. हिंवाळ्यांत कागड्याचीं पांढरीं फुलें येतात. त्यांस सुवास बेताचा, पण वेणी भरून दिसण्यासाठीं तीं पूर्वापार वापरांत आहेत.

शेवटीं शाळांतील शिक्षकबंधूंस एक विनंति. नोव्हेंबरांत एलेगन्सचें बीं दोन सारख्या कुंड्यांत, सारख्या मातींत पेरावें. दिवसा दोन्ही कुंड्या शेजारीं शेजारीं उन्हांत ठेवाव्या. सायंकाळीं एक कुंडी अंधारांत न्यावी आणि दुसरीवर दिवा लावून तिचा दिवस पांच तासांनीं लांबवावा. दोन्हींत पहिली कळी कोणत्या दिवशीं दिसली, तें मुलांना वहींत लिहूं द्यावें. दिव्याखालची कुंडी आधीं फुललेली पाहून मुलांना जें कळेल, तें पुस्तकाचीं दहा पानें वाचूनहि कळणार नाहीं. हींच मुलें उद्यां शेतें कसणार आहेत. दुकानांत दिसणारी प्रत्येक सुंदर वस्तु आपल्या वाफ्यांत येतेच असें नाहीं. ती कां येत नाहीं, हें विचारण्याची संवय त्यांना लागली, तर त्यांची पुंजी फसणार नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, थोडक्यांत सांगावयाचें तें एवढेंच. थोरली जिप्सोफिला थंड देशांची. तिची फुलें विकत घ्यावीं आणि नीट वापरावीं. धाकटी हिंवाळ्याची; तिला नोव्हेंबरांत पेरावी, फेब्रुवारींत निरोप द्यावा. आणि घरच्या चुलीचा भार मोगऱ्यावरच ठेवावा.